हिमालयातलं पहिलं शिखर: तुमच्या रजेच्या महिन्यात कुठला डोंगर बसतो ते कसं ठरवायचं

दरवर्षी गणपती झाले की ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करतंच, "दिवाळीला जोडून नऊ दिवस रजा टाकलीय, फ्रेंडशिप पीक करून येऊ का?" आणि मी दरवेळी आधी हेच विचारतो की रजा पुढेमागे होईल का. नाही म्हणाले तर मग डोंगर बदलायचा. बहुतेकांना हे पटत नाही कारण डोंगर मनात आधीच ठरलेला असतो, कोणाचे तरी फोटो बघितलेले असतात, पण ते फोटो जूनमधले असतात आणि आपण निघालेलो असतो नोव्हेंबरमध्ये.

मी स्वतः असाच गेलो होतो. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, फराळाचा डबा सॅकमध्ये, मनालीत दुपारी छान ऊन. ज्यांच्याकडून ट्रेक बुक केला त्यांनी फोनवर सांगितलेलं की होऊन जातं, काळजी करू नका. वर कॅम्पला पोचलो तर टेंटच्या आत ठेवलेल्या बाटलीतलं पाणी सकाळी दगड झालेलं, आणि शिखराच्या उतारावर जिथे उन्हाळ्यात बूट रुतेल असा बर्फ असतो तिथे काचेसारखा कडक बर्फ, बुटाखाली बांधायच्या क्रॅम्पॉनचे दात नीट बसेनात, त्यात वारा असा की दोन मिनिटं थांबलं तरी अंग कापायला लागायचं. आमच्यातल्या एकाला डाव्या हाताची बोटं जाणवेनाशी झाली, तेव्हा गाईडने कोणाला न विचारता सगळ्यांना मागे फिरवलं. तो गाईड चांगला होता म्हणून आम्ही धड परत आलो. डोंगर तोच, माणसं तीच, तयारीही बरी होती, फक्त महिना चुकला होता. पुढे दीड वर्षाने जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच वाटेने गेलो तेव्हा डोंगर दुसराच वाटावा इतका फरक होता.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. ज्यांनी सह्याद्रीत चार-पाच वर्षं भटकंती केलीय, एखादा हिमालयन ट्रेक झालाय आणि आता ५००० - ६००० मीटरचं पहिलं शिखर करायचंय, अशांसाठी.

पहिलं काम: सह्याद्रीचं वेळापत्रक डोक्यातून काढा

आपल्याकडे पाऊस पडला की डोंगर सुरू होतात. जूनचा दुसरा आठवडा उजाडला की राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, कळसूबाईला रांगा, आणि एप्रिल-मे म्हणजे पाणी नाही, ऊन फार, घरी बसा. ही सवय इतकी मुरलेली असते की आपण नकळत हिमालयालाही तीच लावतो. मनाली किंवा उत्तरकाशीच्या बाजूला बरोब्बर उलटं आहे. तिथे पावसाळा म्हणजे दरडी, रस्ते बंद, नद्या फुगलेल्या आणि शिखर आठ-आठ दिवस ढगात. २०२३ च्या जुलैमध्ये बियास नदीने कुलू-मनालीचा हायवे जागोजागी खाऊन टाकला आणि हजारो पर्यटक तिथे अडकले, ते आठवून बघा. आणि मे महिना, जो आपण घरी बसून घालवतो, तो तिथला उत्तम काळ.

कळसूबाई १६४६ मीटर. चुकीच्या महिन्यात गेलात तर त्रास होईल, भिजाल, नाहीतर उन्हाने डोकं धरेल, पण संध्याकाळपर्यंत बारी गावात चहा प्यायला याल. ६००० मीटरवर चुकीचा महिना इतकी मोकळीक देत नाही.

दुसरं: हिमालय एक नाही, त्याचे निदान तीन वेगळे भाग धरा

हा भाग नीट समजला तर अर्धं काम झालं, म्हणून जरा थांबून वाचा.

मान्सूनचा जो वारा हिमालयात पाऊस पाडतो तो मुख्यतः बंगालच्या उपसागराकडून येतो आणि डोंगररांगेला अडून पश्चिमेकडे वळतो. त्यामुळे पाऊस सिक्कीम आणि पूर्व नेपाळला आधी पोचतो, साधारण जूनच्या सुरुवातीला, आणि हिमाचलला जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास. जाताना उलटं, पश्चिमेकडून आधी निघतो. म्हणजे हिमाचल सप्टेंबरच्या शेवटी मोकळा होतो आणि पूर्वेकडे ऑक्टोबर उजाडतो. पूर्वेला पावसाळा लांब, पश्चिमेला आखूड, एवढं लक्षात ठेवा.

हिवाळ्यात मात्र पश्चिमेची बाजू जास्त मार खाते. भूमध्य समुद्राकडून जे पश्चिमी विक्षोभ येतात, बातम्यांत वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात ते, ते काश्मीर-हिमाचल-गढवालला आधी धडकतात आणि तिथे डिसेंबर ते मार्च भरपूर बर्फ टाकतात. कधीकधी एप्रिल-मेमध्येही एखादा तगडा विक्षोभ येतो आणि सीझनची सुरुवात लांबते.

आणि तिसरा भाग म्हणजे पीर पंजाल आणि मुख्य हिमालयाच्या पलीकडचा, लडाख, स्पिती, लाहौलचा वरचा पट्टा. हा पर्जन्यछायेत येतो. आपल्याकडे महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि थोडं पूर्वेला माण-खटावला दुष्काळ, तसंच हे, फक्त मोजमाप प्रचंड. लेहला वर्षभरात सगळा मिळून १०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेवढा महाबळेश्वरला एका दिवसात पडून जातो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूचे डोंगर बंद असताना लडाखचे डोंगर चालू असतात. पहिलं सहा हजारी शिखर करणारे बरेच लोक लडाखला जातात त्याचं मुख्य कारण हेच.

याचा अर्थ तिथे पाऊस होतच नाही असा घेऊ नका. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला एका रात्रीत ढगफुटी झाली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. कोरड्या डोंगरावर झाडं नाहीत, माती धरून ठेवणारं काही नाही, त्यामुळे थोडा पाऊसही ओढ्यांतून चिखल-दगड घेऊन येतो. ओढ्याच्या पात्रात टेंट लावू नका, कितीही सपाट आणि मऊ जागा दिसली तरी.

तिसरं: आता रजा समोर ठेवा आणि डोंगर जुळवा

मराठी नोकरदार माणसाला मोठी सुट्टी मिळते ती साधारण चार वेळा. मुलांची मेची सुट्टी, १५ ऑगस्टच्या आगेमागे, दिवाळी, आणि डिसेंबरचा शेवट.

मे आणि जूनचे पहिले दोन-तीन आठवडे मिळत असतील तर तुम्ही नशीबवान. मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक, ५२८९ मीटर, सोलांगकडून बियासकुंडच्या बाजूने जातात ते, याच काळात करावं. मेच्या सुरुवातीला बर्फ खूप असतो, वाट फोडत चालावं लागतं आणि उतारावर साठलेला हिवाळी बर्फ सुटण्याची भीतीही जास्त, म्हणून नवख्या माणसाने मे अखेर ते मध्य जून धरावं असं माझं मत आहे. तोपर्यंत बर्फ बसलेला असतो, रात्री गोठतो, पहाटे क्रॅम्पॉनखाली कुरकुर वाजतो आणि पाय छान धरतो. आयुष्यात पहिल्यांदा आइस ॲक्स, म्हणजे बर्फातली कुऱ्हाड, हातात घेणाऱ्याला शिकायला असा बर्फ सगळ्यात चांगला.

नेपाळला जायचं असेल, मेरा पीक किंवा आयलंड पीक, तर एप्रिल आणि मेचे पहिले तीन आठवडे. मोठे लोकही हेच दिवस धरतात. हिलरी-तेनसिंग २९ मे १९५३ ला एव्हरेस्टवर पोचले, पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेची टीम १९ मे २०१२ ला, आणि गिरिप्रेमीचेच दहा जण १५ मे २०१९ ला कांचनजंगावर. हा नुसता योगायोग नाही. हिवाळाभर जेट स्ट्रीम नावाचा फार उंचावरचा वेगवान वारा हिमालयाच्या माथ्यावर बसलेला असतो, एव्हरेस्टवर त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जातो, आणि मान्सून येण्याच्या थोडं आधी तो उत्तरेला सरकतो. वारा गेलाय आणि पाऊस अजून आला नाहीये अशी मधली थोडे दिवसांची जी फट मिळते तिलाच वेदर विंडो म्हणतात. आपण ६००० वर जाणार, तिथे वाऱ्याचा जोर एवढा नसतो, पण तत्त्व तेच लागू होतं.

जुलै-ऑगस्ट मिळाला तर लडाख. मार्खा व्हॅलीतलं कांग यात्से दोन, साधारण ६२५० मीटर, किंवा मनाली-लेह हायवेवर भरतपूरजवळचं युनाम, ६१११ मीटर. युनामवर या दिवसांत बर्फ कमी आणि घसारा, म्हणजे सुटे दगड-माती, जास्त, त्यामुळे सह्याद्रीत घसाऱ्यावर पडत-झडत शिकलेल्यांना पाय कुठे टाकायचा ते शिकवावं लागत नाही. पण हायवेवरून गाडीने थेट साडेचार हजार मीटरपर्यंत जाता येतं हीच त्याची खरी अडचण आहे, शरीर मागे राहतं आणि गाडी पुढे जाते. मी नवख्यांना युनाम पहिलं म्हणून सुचवत नाही, कांग यात्सेला चार-पाच दिवस चालत चढत जावं लागतं ते बरं. तिथल्या नद्या मात्र दुपारनंतर वाढतात कारण दिवसभराच्या उन्हाने वरचा बर्फ वितळून ते पाणी खाली यायला तेवढा वेळ लागतो, म्हणून नदी ओलांडायची ती सकाळीच. स्टोक कांगरीबद्दल अजूनही विचारतात. ते २०२० पासून बंद केलेलं आहे, कोणी नेतो म्हणाला तरी जाऊ नका.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते मध्य ऑक्टोबर हा दुसरा चांगला काळ. आकाश पावसाने धुतल्यासारखं स्वच्छ, फोटो सगळ्यात सुंदर याच दिवसांतले. हिमाचलात यावेळी बर्फ कमी झालेला असतो, जुना बर्फ कडक आणि भेगा उघड्या पडलेल्या, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मेपेक्षा अवघड. नेपाळमध्ये ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम, म्हणून दिवाळीच मिळतेय आणि शिखरच करायचंय असा हट्ट असेल तर हिमाचलऐवजी नेपाळ बघा. मेरा पीक ६४७६ मीटर उंच असलं तरी चढाई सोपी आहे, पण जाऊन यायला अठरा-वीस दिवस लागतात. दिवाळीच्या नऊ दिवसांत बसत नाही. नऊच दिवस असतील तर शिखर सोडा आणि चार हजारच्या आसपासचा एखादा चांगला ट्रेक करून या, उंचीवर आपलं शरीर कसं वागतं ते तरी कळेल, आणि ती माहिती पुढच्या वर्षी फार उपयोगी पडते.

डिसेंबरमध्ये नवख्याने मोठं शिखर करायचं नाही. सांकरीहून केदारकंठा, ३८०० मीटरच्या आसपास, बर्फातलं चालणं, थंडीत झोपणं, गोठलेले बूट पहाटे पायात चढवणं, हे सगळं शिकवतो आणि तेवढं पुरे.

चौथं: सीझन कळला, आता आठवडा निवडा

इथे बहुतेक लोक तारीख बघतात ती ट्रेकची बॅच कधी सुटतेय त्याप्रमाणे. मी आधी चंद्र बघतो. समिटला, म्हणजे माथा गाठायला, रात्री बारा-एक-दोनला निघायचं असतं, सगळी चढाई अंधारात, हेडलॅम्पच्या दोन मीटर उजेडात. चंद्र असेल तर अख्खा उतार दिसतो, पुढची माणसं दिसतात, मनाला धीर येतो. पण नुसती पौर्णिमा गाठायची असं नाही. पौर्णिमेच्या चार-पाच दिवस आधी चंद्र मध्यरात्रीनंतर लवकर मावळून जातो, म्हणजे नेमका हवा तेव्हा नाही. पौर्णिमेपासून संकष्टीपर्यंतचे दिवस घ्या. संकष्टीला उपास सोडायला चंद्र रात्री नऊच्या आसपास उगवतो ना, तोच पहाटे तीनला डोक्यावर असतो. भिंतीवरचं कॅलेंडर काढायचं आणि समिटची रात्र या पाच दिवसांत बसवायची. ऑक्टोबरमधल्या ट्रेकला कोजागिरी आणि तिच्या पुढचे चार दिवस म्हणजे तर पर्वणी.

मग थंडीचा हिशोब. ढोबळ नियम असा की हजार मीटर वर गेलं की तापमान साडेसहा डिग्रीने उतरतं. समजा लेहला, म्हणजे ३५०० मीटरवर, रात्री ८ डिग्री आहे. कांग यात्सेचा माथा तिथून २७५० मीटर वर, म्हणजे जवळपास १८ डिग्री वजा, उणे १०. त्यात ताशी ३० किलोमीटर वारा धरला, जो तिथे काही विशेष नाही, तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. हाच हिशोब ऑक्टोबरच्या तापमानाने करून बघा आणि मग ठरवा आपल्याकडचे हातमोजे, बूट, स्लीपिंग बॅग पुरतील का. वेबसाइटवर "तापमान उणे पाचपर्यंत" असं लिहिलेलं असतं ते बहुधा कॅम्पचं असतं, माथ्याचं नाही, हे विचारून घ्या.

सीझनच्या पहिल्या दोन आठवड्यांत बर्फ जास्त आणि वाट न मळलेली, शेवटच्या दोन आठवड्यांत भेगा उघड्या आणि थंडी जास्त. पहिल्यांदा जाताना मधला भाग घ्या, गर्दी असली तरी. गर्दीचा एक फायदा असतो, काही झालं तर आजूबाजूला मदतीला माणसं असतात.

पाचवं: चांगला महिना म्हणजे चांगला दिवस असं नसतं

हे मी जितक्या वेळा सांगेन तितकं कमीच आहे. ऑक्टोबर २०१४, नेपाळमधला अन्नपूर्णा सर्किट ट्रेक, आणि ऑक्टोबर म्हणजे तिथला सगळ्यात उत्तम सीझन. १२ ऑक्टोबरला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला किनाऱ्यावर आलं. तिथून सरळ उत्तरेला साधारण बाराशे किलोमीटरवर या ट्रेकवरची थोरांग ला खिंड आहे, ५४१६ मीटर. वादळ जमिनीवर येऊन मवाळ झालं पण त्याचा ओलावा वर सरकत गेला आणि १४ तारखेला खिंडीत आणि आसपास अचानक प्रचंड बर्फ पडला. चाळीसहून जास्त माणसं गेली, ट्रेकर, गाईड, पोर्टर, याक राखणारे. यातल्या कितीतरी जणांचा महिना अगदी बरोबर होता. जून २०२४ मध्ये उत्तराखंडात सहस्रताल ट्रेकवर कर्नाटकातून आलेल्या गटातले नऊ जण असेच बर्फाच्या वादळात सापडून गेले, तोही ट्रेकचा नेहमीचाच काळ.

म्हणून मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन्ही काळात, निघायच्या आठवडाभर आधीपासून बंगालच्या उपसागराकडे लक्ष ठेवायचं. हवामान खात्याच्या साइटवर चक्रीवादळाचा इशारा येतो, तो फक्त किनाऱ्यावरच्यांसाठी आहे असं समजू नका. त्याशिवाय विंडी आणि माउंटन फोरकास्ट अशा हवामान अंदाजाच्या दोन वेगवेगळ्या साइटवर शिखराच्या उंचीचा अंदाज रोज बघत जा आणि लिहून ठेवा. दोघांचं एकमत होत असेल तर भरवसा ठेवा, नसेल तर जो वाईट सांगतोय त्याचं ऐका. पाच दिवसांच्या पुढचा अंदाज नुसता कल समजायला वापरायचा.

वर गेल्यावर नेटवर्क नसतं. तिथे आकाश बघावं लागतं आणि गाईडला विचारावं लागतं. सूर्याभोवती मोठं कडं दिसलं, उंचावर घोड्याच्या शेपटीसारखे ढग पसरत चालले, वाऱ्याची दिशा बदलली, रात्र अचानक उबदार वाटायला लागली, तर एक-दोन दिवसांत काहीतरी येतंय असं धरून चला. उबदार रात्रीने आपल्याला बरं वाटतं पण बर्फ गोठत नाही, आणि न गोठलेल्या उतारावर जायचं नसतं.

आणि नवीन बर्फ. मोठा बर्फ पडून गेला की दुसऱ्या दिवशी निळंशार आकाश येतं, सगळे खूश होतात, आणि धोका नेमका तेव्हाच सगळ्यात जास्त असतो कारण नवा थर जुन्यावर अजून बसलेला नसतो. निदान दोन दिवस, मोठ्या उतारावर तीन, थांबायचं. तीस ते पंचेचाळीस अंशाचे उतार सगळ्यात वाईट, आणि शिखराची शेवटची चढण बहुतेक वेळा नेमकी तशीच असते. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा दोनवर उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगच्या तुकडीवर बर्फ सुटला आणि २९ जण गेले. ती शिकलेली, शिकवणारी माणसं होती. आपण तर पहिल्यांदा जातोय.

सहावं: राखीव दिवस

वरचं सगळं वाचून लक्षात आलं असेल की थांबता आलं पाहिजे. आणि थांबायला दिवस लागतात. माझ्या नोव्हेंबरच्या ट्रेकमध्ये एकही जास्तीचा दिवस नव्हता, परतीचं विमान समिटनंतर दोन दिवसांनी होतं, आणि खरं सांगतो, वर असताना डोक्यात सारखं ते तिकीट फिरत होतं. असा माणूस चुकीचा निर्णय घेतो.

आता मी असं करतो. वर समिटसाठी दोन दिवस राखीव, रस्त्यासाठी एक, आणि लेहचं विमान असेल तर अजून एक, कारण लेहची विमानं सकाळची असतात आणि हवा खराब झाली की रद्द होतात. नेपाळला मेरा-आयलंडसाठी जिथे विमानाने उतरतात त्या लुक्लाचंही तसंच, शिवाय गर्दीच्या सीझनमध्ये ती विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सोडतात, तिथे पोचायला रात्रीच चार-पाच तास गाडीने जावं लागतं, म्हणजे झोपेचा आणि एका दिवसाचा हिशोब आधीच करा.

हे राखीव दिवस उंचीची सवय होण्याच्या दिवसांतून चोरायचे नाहीत. ३००० मीटरच्या वर रोज झोपायची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं. विमानाने लेहला उतरलात तर पहिले दोन दिवस फक्त आराम, पाणी प्यायचं आणि हळूहळू बाजारात फिरायचं. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाही, तर वर जायचं नाही. चालताना तोल जातोय किंवा आडवं झाल्यावर दम लागतोय तर लगेच, रात्र असली तरी, खाली. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही ते आपल्या डॉक्टरांना विचारून, मित्राने घेतली म्हणून नाही.

एकूण हिशोब केला तर फ्रेंडशिपला घर ते घर अकरा-बारा दिवस, कांग यात्सेला चौदा-पंधरा. यापेक्षा कमी दिवसांत नेणारे आहेत, तारखाही आकर्षक असतात, एका शनिवारी निघून पुढच्या आठवड्यातल्या रविवारी परत, पण त्यात एक दिवस हवा बिघडली की तुमचे पैसे आणि समिट दोन्ही गेलं आणि गाईडवर "चला ना, थोडंच राहिलंय" असा दबाव येतो. तो दबाव आपण टाकायचा नाही.

सातवं: बुक करायच्या आधी काय विचारायचं

"सक्सेस रेट किती" हा प्रश्न मी विचारत नाही, आकडा कोणीही सांगतो. त्याऐवजी विचारा की याच पंधरवड्यात गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या किती बॅच गेल्या आणि किती मधून परत आल्या, का आल्या. ज्याला परत आलेल्या बॅचबद्दल नीट सांगता येतं तो माणूस विश्वासाचा. मग विचारा राखीव दिवस प्लॅनमध्ये आहेत की जास्तीचे पैसे देऊन, समिटच्या दिवशी एका गाईडमागे किती जण, दोर कोण लावतो, परत फिरायची वेळ किती ठरवलीय, आणि ६००० च्या वरचं शिखर असेल तर इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनची परवानगी काढलीय का. इन्शुरन्स घेताना कागदावर उंचीची मर्यादा वाचा, पुष्कळ पॉलिसी चार-साडेचार हजार मीटरवरच संपतात.

परत फिरायची वेळ हा प्रश्न खास महत्त्वाचा. मे-जूनमध्ये ऊन वर आलं की नऊ-दहानंतर तोच कुरकुरीत बर्फ मांडीपर्यंत रुतायला लागतो आणि वरून दगड सुटायला लागतात. माझ्या जूनच्या वेळी आम्ही रात्री एकला निघालो, पावणेसातला माथ्यावर, पंचवीस मिनिटांत खाली वळलो, आणि साडेनऊला शेवटचा तीव्र उतार संपवला तेव्हा मागून येणारी दुसरी टीम गुडघाभर बर्फात धडपडत होती. फक्त दोन तासांचा फरक.

शेवटचं: महिना ठरला की मागे मोजत या

समजा जूनचा पहिला आठवडा धरलाय. त्याच्या आधी सहा महिने, म्हणजे डिसेंबरपासून, तयारी सुरू. पुण्यातले असाल तर आतकरवाडीतून सिंहगड आठवड्यातून दोनदा, फेब्रुवारीपासून पाठीवर आठ-दहा किलो घेऊन, मार्चपासून एका सकाळी दोनदा वर-खाली. मुंबई-नाशिकवाल्यांना कळसूबाई, रतनगड, अलंग-मदन-कुलंग आहेतच. मार्च-एप्रिलचं ऊन टाळायला पहाटे तीनला चढायला लागा, समिटच्या रात्रीची सवय आपोआप होते. सह्याद्रीत उंचीची सवय होत नाही हे खरं, पण पाय आणि दम तयार होतो.

ज्यांच्याकडे एक महिना मोकळा आहे त्यांनी उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगचा बेसिक कोर्स करावा असं मी मनापासून सांगेन, चांगल्या महिन्यांतल्या बॅच फार लवकर भरतात, वर्षभर आधी फॉर्म भरावा लागतो.

ऑफिसात रजेचा अर्ज जानेवारीत द्या, आणि राखीव दिवस धरूनच द्या, नंतर वाढवून मिळत नाहीत. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे १ जूनला निघायचं तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच, सकाळी आठला. जातानाचं तिकीट तेव्हाच काढा. परतीचं शक्यतो असं काढा की रद्द करून दुसऱ्या दिवसाचं घेता येईल, चारपाचशे रुपये जास्त गेले तरी चालतील. आणि घरच्यांना परत यायची तारीख सांगताना तिकिटाची नाही, राखीव दिवस धरून येणारी शेवटची तारीख सांगा, म्हणजे वर दोन दिवस टेंटमध्ये बसून राहावं लागलं तर खाली कोणी घाबरणार नाही.